‘पाय’ म्हणजे बाबा की पाऊल? सारखे वाजणारे छोटे शब्द आणि त्यांची खरी नाती

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मुलीने यंदा शाळेत पोर्तुगीज घेतलंय, पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाली की पोर्तुगीजमध्ये ‘पाय’ म्हणजे बाबा, आणि नेमका त्याच दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला, त्यात असे वीसेक शब्द आणि खाली लिहिलेलं की बघा, जगातल्या सगळ्या भाषा आपल्याच भाषेतून निघाल्या. ताईंना हवंय ते एवढंच, की इतकासा शब्द, दोन्हीकडे तोच आवाज, अर्थ मात्र वेगळा, तर यात काही नातं असतं की योगायोग, आणि मुलीला सांगायचं काय.

ताई, मी गेली अठ्ठावीस वर्षं म्हापशाला बसून जुन्या पोर्तुगीज कागदांची भाषांतरं करतोय, घरांचे, भाटांचे म्हणजे माडाबागायतींचे, वाटण्यांचे कागद, जन्माचे दाखले, आणि या कामात फसवणारे शब्द जर कुठले असतील तर ते हेच, एक-दोन अक्षरांचे. मोठा शब्द अडला की माणूस डिक्शनरी उघडतो, छोटा शब्द ओळखीचा वाटतो म्हणून कोणी उघडतच नाही. त्यामुळे मुलीचा प्रश्न मला फार आवडला आणि मी जरा लांबण लावून उत्तर देणार आहे.

आधी ‘पाय’चंच घेऊ, कारण तो शब्द इतका छान आहे की त्याच्यात अख्खी गोष्ट बसते.

पोर्तुगीज ‘पाय’ म्हणजे बाप, तो आला लॅटिनच्या ‘पातेर’वरून. पातेरचं ‘पाद्रे’ झालं, आणि ते पाद्रे लहान मुलांच्या तोंडी झिजत झिजत मधला ‘द्र’ गळून ‘पाय’ राहिलं. आता आपला पाय बघा, संस्कृत ‘पाद’, प्राकृतात मधला ‘द’ गळला, ‘पाअ’, ‘पाय’ असं होत आपल्यापर्यंत आला. म्हणजे दोन वेगवेगळे शब्द, हजारो मैल लांब, दोघांचंही मधलं व्यंजन गळलं आणि दोघंही एकाच आवाजावर येऊन थांबले. हा झाला योगायोग, इथे नातं शून्य.

पण इथेच थांबू नका, कारण खरी मजा पुढे आहे. लॅटिन ‘पातेर’ आणि संस्कृत ‘पितृ’ ही खरी भावंडं आहेत. आणि पोर्तुगीजमध्ये पायाला काय म्हणतात? ‘पे’. तो लॅटिन ‘पेदें’वरून आला आणि तो आपल्या ‘पाद’चा सख्खा. म्हणजे त्यांचा ‘पाय’ हा आपल्या ‘पिता’चा नातेवाईक आणि त्यांचा ‘पे’ हा आपल्या ‘पाय’चा. नातं आहे ताई, पण जिथे कानाला वाटतं तिथे नाही, बाजूच्या घरात आहे! मुलीला हे एकदा वहीत चौकोन काढून दाखवा, चार कोपऱ्यांत चार शब्द आणि तिरक्या दोन रेघा, जन्मभर विसरणार नाही.

आणि याच घरातला तिसरा गडी म्हणजे ‘पाद्री’. तो शब्द आपण पोर्तुगिजांकडून जसाच्या तसा उचलला, पाद्रे म्हणजे फादर. म्हणजे मराठीत आज पिता आणि पाद्री हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत, एक वारशाने आला आणि एक जहाजाने आला. (पाद्रीत ‘पाद’ ऐकू येतो म्हणून त्याचा पायाशी संबंध लावणारेही मला भेटलेत, तसा काही नाही.)

तर तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. एक, वारसा, म्हणजे दोन्ही भाषांचा पूर्वज एक असला की येतो तो. दोन, उसनवारी, एकाने दुसऱ्याकडून घेतलेला शब्द. तीन, निव्वळ टक्कर, म्हणजे योगायोगाने आवाज जुळलेला. पहिल्या दोघांत इतिहास असतो, तिसऱ्यात नसतो, आणि छोट्या शब्दांत तिसऱ्याचंच राज्य.

का, तर हिशोब सोपा आहे. समजा एखाद्या भाषेत वीस व्यंजनं आणि पाच स्वर आहेत, तर एक व्यंजन एक स्वर असे ‘ना’, ‘से’, ‘पो’सारखे तुकडे होणार फक्त शंभर. मागे आणखी एखादा ‘य’, ‘न’, ‘र’ जोडला तर आणखी काहीशे. आणि जगात भाषा सात हजारांच्या आसपास, प्रत्येकीला रोजच्या वापराचे शब्द छोटेच हवे असतात, कारण जे दिवसातून शंभरदा बोलायचं ते लांबलचक परवडत नाही. मग तेच ते आवाज पुन्हा पुन्हा वापरले जाणारच. टक्कर झाली नसती तरच आश्चर्य होतं. ‘काय’ घ्या. आपल्याकडे प्रश्न. आपल्या सीमेवरच्या कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात आणि ‘कायि’ म्हणजे कच्चं फळ, नारळालाही तेच म्हणतात. पोर्तुगीजमध्ये ‘काय’ म्हणजे पडतो, पडते. हवाईच्या भाषेत ‘काय’ म्हणजे समुद्र, थाईमध्ये कोंबडी. या सगळ्यांची एक वंशावळ काढायला बसलात तर आयुष्य जाईल आणि हाती काही लागणार नाही.

थाईवरून आठवलं, ते सांगायलाच पाहिजे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत आईवडिलांना ‘माय-पाय’ म्हणतात ना, तेच दोन आवाज थाई माणसाच्या कानावर पडले तर ‘जाणार नाही’ असा अर्थ निघेल, कारण थाईत ‘माय’ म्हणजे नाही आणि ‘पाय’ म्हणजे जाणे. अर्थात सूर तसा लागला तर. थाईत आवाज वर न्यायचा की खाली आणायचा यावर शब्दच बदलतो, पाच सूर आहेत, आणि एकट्या ‘माय’मध्ये सूर फिरवून नवीन, लाकूड, नाही, जळणे आणि शेवटी ‘हो का?’ असं विचारणंसुद्धा बसतं, इतकं की ‘नवीन लाकूड जळत नाही ना?’ हे अख्खं वाक्य माय माय माय माय माय असं बोलता येतं. आपण ते पाच वेळा एकच शब्द म्हणून ऐकतो, त्यांच्यासाठी तो एक शब्द नाहीच. म्हणजे ‘तोच शब्द’ असं म्हणताना सुद्धा जपून, कित्येकदा फक्त आपल्या लिपीत लिहिल्यावर ते सारखे दिसतात.

आता कोणी म्हणेल की ठीक आहे, अर्थ वेगळा असला की योगायोग मानू, पण आवाज आणि अर्थ दोन्ही जुळले तर? तर मग नातं पक्कं ना?

नाही. आणि याला माझ्याकडे एक उदाहरण आहे जे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला देतो.

हळदोण्याचे एक वयस्क गृहस्थ होते, अर्धं आयुष्य नैरोबीला नोकरीत गेलेलं, तसे आपल्या गोंयचे शेकडो लोक पूर्व आफ्रिकेत होते, स्वाहिली त्यांना पोटातून यायची. जमिनीच्या कागदांसाठी माझ्याकडे यायचे, एकदा म्हणाले की बाबा, स्वाहिलीत ‘कितीचा’ म्हणजे काय सांग. मी म्हटलं किंमत विचारताय का, तर म्हणाले नाही, ‘किती’ म्हणजे खुर्ची. ‘किती चा म्तोतो’ म्हणजे मुलाची खुर्ची, ‘म्तोतो’ म्हणजे मूल. मी थक्क झालो. ‘चा’ चक्क आपल्या ‘चा’च्याच कामाला! आणि नुसतं तेवढंच नाही, आपल्याकडे मुलाचा, मुलाची, मुलाचे असं वस्तूप्रमाणे बदलतं, तसं त्यांच्याकडेही वस्तूप्रमाणे बदलतं. आवाज जुळला, अर्थ जुळला, वागणूकसुद्धा जुळली. त्या रात्री मी खरंच उशिरापर्यंत स्वाहिलीचं व्याकरण घेऊन बसलो.

आणि मग लक्षात आलं. आपल्यात बदलतं काय? शेपूट. चा, ची, चे, पण ‘च’ जागेवर. स्वाहिलीत उलट, शेवटचा ‘आ’ जागेवर राहतो आणि डोकं बदलतं: किती चा, अनेक खुर्च्या असल्या तर विती व्या, घर असेल तर न्युम्बा या. त्यांचं ‘चा’ म्हणजे ‘कि’ गटातल्या वस्तूंचा ‘कि’ आणि ‘आ’ मिळून झालेला आवाज, संबंध दाखवायचं काम करतो तो ‘आ’. आपल्यात संबंध दाखवतो तो ‘च’. शिवाय आपण मुलाला आधी ठेवतो आणि खुर्चीला मागे, ते खुर्चीला आधी. म्हणजे यंत्रच वेगळं आहे, फक्त एका कोपऱ्यात बाहेरून सारखं दिसतं. आणि कान लावून ऐकलं तर आवाजही पुरता तोच नाही, आपण ‘मुलाचा’ म्हणताना च दातांपाशी उच्चारतो, त्यांचा च ‘चिमणी’तल्या चसारखा. मराठी आणि स्वाहिलीचा कुळाशी कुळाचा संबंध नाही. एवढं सगळं जुळूनही टक्करच.

पण त्याच वाक्यात खुर्चीच्या जागी पुस्तक ठेवा, ‘किताबू चा म्तोतो’. आता ‘किताबू’ मात्र आपल्या ओळखीचा निघतो, तो खरोखर आपला ‘किताब’ आहे, अरबीतून त्यांच्याकडे गेला आणि अरबी-फारसी वाटेने आपल्याकडे आला. स्वाहिली लोकांनी त्यातल्या ‘कि’ला आपल्या ‘कि’ गटाचा ‘कि’ समजून त्याचं अनेकवचन केलं ‘विताबू’! परका शब्द घरात आला आणि घरच्या शिस्तीने वागायला लागला. एकाच तीन शब्दांच्या वाक्यात एक उसना आणि एक टक्करीचा, शेजारी शेजारी बसलेत, आणि नुसत्या कानाने त्यांच्यात फरक कळत नाही.

मग कळतो कशाने? दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे शब्द काल काय होता, परवा काय होता. दुसरी जास्त महत्त्वाची, एकटा शब्द बघायचा नाही, रांग बघायची. पिता, पाद, पंच यांच्या सुरुवातीला आपल्याकडे ‘प’ आहे. लॅटिनमध्ये पितासाठी पातेर आणि पायासाठी पेदें, तिथेही प. इंग्रजीत बघा, फादर, फूट, फाइव्ह, तिन्ही ठिकाणी ‘फ’. एका ठिकाणी झालं असतं तर योगायोग म्हटला असता, पण जिथे जिथे आपला ‘प’ तिथे तिथे त्यांचा ‘फ’ अशी रांग लागते तेव्हा तो योगायोग राहत नाही, तो नियम होतो. गंमत अशी की पिता आणि फादर कानाला फारसे सारखे नाहीत, पण नातं पक्कं, आणि पाय आणि पाय कानाला हुबेहूब, नातं काही नाही. म्हणून ग्रुपवरच्या त्या मेसेजवर माझा मुख्य आक्षेप हा की त्यात सगळं कानाने चाललंय. आणि त्यातलं एखादं नातं खरं असलं तरी त्याचा अर्थ लॅटिन संस्कृतातून निघाली असा होत नाही, दोघी बहिणी आहेत, एकीच्या पोटातून दुसरी नाही आली. कन्नड, थाई, स्वाहिली तर या घराण्यातल्याच नाहीत.

आणि हे गोव्यात बसून मी जरा अभिमानाने सांगतो, कारण ही गोष्ट इथल्या मातीत सुचलेली आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री साष्टीत राहायचा, त्यानेच पुढे 1616 साली मराठीत ख्रिस्तपुराण दिलं, त्याने 1583 मध्ये आपल्या भावाला पत्र लिहिलं आणि त्यात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी जुळते असं नोंदवलं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्याचं प्रसिद्ध भाषण 1786 चं, म्हणजे दोनशे वर्षांनी नंतरचं. आणि बघा, स्टीफन्सने सुटे शब्द मोजले नाहीत, त्याचं लक्ष ठेवणीवर गेलं. आमच्या मुलांना हे शाळेत कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उसन्या शब्दांबद्दल जास्त लांबवत नाही, आपल्याकडे ते ढिगाने आहेत, चावी, पगार, बटाटा, घमेलं. पण ‘पाव’बद्दल बोललंच पाहिजे कारण त्याच्यावर भलतीच कथा चालते. सकाळी पदेर भोंगा वाजवत येतो, आपण पाव घेतो, आणि कोणीतरी सांगतं की पीठ पायाने तुडवायचे म्हणून त्याला पाव म्हणतात, किंवा चार तुकडे जोडलेले असतात म्हणून एक तुकडा पाव. दोन्ही खोटं. खायचा पाव पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, तो लॅटिन ‘पानिस’वरून, आणि तो पाव करणारा पदेर हासुद्धा त्यांचाच ‘पादेरु’. पोर्तुगीज जहाजं जपानलाही गेली म्हणून जपानीत आजही पावाला ‘पान’ म्हणतात, जपानी आणि मराठीचं काही एक नातं नसताना हा शब्द मात्र दोघींकडे एकाच दारातून आला. ‘पाव किलो’तला पाव मात्र पूर्ण वेगळा, तो चौथ्या हिश्श्याचा, संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा भाग, त्यातून आलेला, म्हणजे आपल्या पायाचा भाऊ. एकाच भाषेत, एकाच दुकानात दोन पाव आणि त्यांची भेट फक्त वजनकाट्यावर. हे सगळं नीट शोधून ठेवणारा माणूसही आपल्या आसगावचाच, मोन्सेन्योर दाल्गाद, जन्म 1855 चा, पोर्तुगीज शब्द आशियातल्या पन्नासेक भाषांत कुठे कुठे गेले यावर त्यांनी 1913 मध्ये अख्खं पुस्तक काढलं.

‘सोल’चंही तसंच. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य. आपल्याकडे भिंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं उन्हात वाळवतात. मग काय, उन्हात वाळवतात म्हणून सोल, अशी जोडणी मी एका चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलीय, आणि ऐकायला इतकी पटते की खोडायला जीव होत नाही. पण सोल हा ‘सोलणे’तला, सोललेली साल ती सोल. सालीला ऊन लागतं हा स्वयंपाकघराचा भाग झाला, शब्दाचा नाही. जिथे कथा फार गोड जुळते तिथे मी दोनदा तपासतो, हा माझा कामाचा नियम आहे.

आता हे सगळं हौशीपुरतं नाही हे सांगायला एक प्रसंग. आमच्या वाटण्यांच्या जुन्या कागदांत हिस्से अपूर्णांकात लिहिलेले असतात, ‘सिंकु दोझ आवुश’, म्हणजे पाच बाराव्या हिश्शाएवढं, पाच छेद बारा. हे ‘आवुश’ फक्त छेद दाखवायला येतं. आणि पोर्तुगीजमध्ये ‘आवॉ’ म्हणजे आजी, ‘आवो’ म्हणजे आजोबा, ‘आवॉश’ म्हणजे आजीआजोबा, फरक डोक्यावरच्या एका खुणेचा, आणि जुन्या हाताच्या अक्षरात किंवा टाइप केलेल्या नकलेत ती खूण हमखास गळते. एका कुटुंबाने दुसरीकडून करून घेतलेलं भाषांतर माझ्याकडे आणलं, त्यात आजीचं आजोबा झालेलं होतं आणि छेदाच्या जागी चक्क ‘आजोबांचे’ असं लिहिलेलं. त्यामुळे कोणाचा हिस्सा आईकडून आणि कोणाचा वडिलांकडून याचा सगळा घोळ, आणि दोन भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. मूळ नक्कल मागवून, शाई बघून, आधीच्या ओळीतल्या नावावरून ताडून ते सरळ केलं. तीन अक्षरांचा शब्द! तेव्हापासून माझ्याकडे शिकणाऱ्याला मी छोट्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायला लावतो, ‘दे’, ‘ना’, ‘पोर’, ‘से’, सगळ्यांखाली. कारण कोकणी डोक्याला ‘ना’ म्हणजे नाही, आणि पोर्तुगीज कागदात ‘ना’ म्हणजे ‘त्यात, त्या ठिकाणी’. घर अमुक गावात आहे असं लिहिलेलं असतं आणि घाईत वाचणाऱ्याच्या मनात ‘नाही’ उमटून जातं. ‘पोर’ म्हणजे मूल नाही, ‘कडून, साठी’. ‘दे’ बहुतेक वेळा ‘चा’ असतो, त्याचा देण्याशी संबंध नाही, पण त्यांचा दुसरा एक ‘दे’ आहे, डोक्यावर टोपीवाला, तो ‘द्या’ या अर्थाचा, आणि तो आपल्या ‘दे’चा खरा सख्खा, संस्कृत ‘दा’ आणि लॅटिन ‘दारे’ एकाच मुळाचे. दोन ‘दे’, एक परका एक घरचा, एका टोपीचा फरक.

आणि ‘से’. मुलीला घेऊन जुन्या गोव्याला गेलात की से कॅथेड्रल दाखवाल, 1562 ला बांधकाम सुरू झालं, एक बुरूज 1776 ला पडला तो पुन्हा बांधला नाही, म्हणून ते समोरून एकीकडे रिकामं दिसतं. हिंदी बोलणारे टुरिस्ट विचारतात ‘से’ म्हणजे कशापासून? ते ‘से’ लॅटिन ‘सेदेस’, म्हणजे बसायची जागा, बिशपचं आसन. हे संस्कृत ‘सद्’चं भावंड, ज्यातून आपले सदन, संसद, परिषद आले. पर्वरीच्या विधानसभेला आपण सदन म्हणतो आणि मांडवीच्या काठाने वर जाऊन जुन्या गोव्यात ‘से’ आहे, दोन्हींचा अर्थ मुळात एकच, बसण्याची जागा. कानाला अजिबात जुळत नाहीत.

शेवटी ‘माय’, कारण मुलगी आता तोच विचारणार. पोर्तुगीज आई ‘मांय’, नाकातून. ‘पाय’मध्ये फसलो म्हणून इथेही टक्कर समजू नका. ती आली लॅटिन ‘मातेर’वरून, आपली माय आली ‘मातृ’वरून, आणि मातेर-मातृ सख्ख्या. इथे आवाज जुळतो, अर्थ जुळतो आणि नातंही खरं आहे. वर आणखी एक, ‘म’ हा तान्ह्या बाळाला सगळ्यात आधी जमणाऱ्या आवाजांपैकी, म्हणून ज्यांचं काही नातं नाही अशा भाषांतही आईला म लागतो, पण भरवसा ठेवू नका, जॉर्जियाच्या भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि आईला म्हणतात ‘देदा’. आणि आपल्या कोकणीत नाकातून ‘मांय’ म्हटलं की ती सासू, सासरा तो ‘मांव’. तेव्हा मुलगी पोर्तुगीजचा धडा मोठ्याने वाचायला लागली, ‘मांय’ चांगली आहे, ‘मांय’ स्वयंपाक करते, आणि आत आजी ऐकत असतील, तर त्यांना आधीच सांगून ठेवा की हे आईबद्दल चाललंय.